फुलाबाईच्या उरवलेल्या गोळ्या

या गं, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही सतरंजीवर या. महाराज यायला अजून वेळ आहे, मृदंगाला कणीक लावायचं चाललंय. तेवढ्यात एक कथा सांगते. पुराणातली नाही, आपल्या कुंभारी गावातलीच आहे. तिच्यात मी जे केलं ते ऐकून उद्यापासून माझ्याशी बोलणं सोडलंत तरी चालेल. पण उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका.

फुलाबाईला तुम्ही सगळ्या ओळखता. मायाप्पाची बायको. ओढ्याच्या पलीकडं पंधरावीस मेंढरं घेऊन राहते आणि दर एकादशीला कीर्तनाला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात तिच्या डाव्या कुशीत गोळा आल्यासारखं झालं. अंगात ताकद राहीना, मेंढरांमागं चालताना बसायला लागली. मायाप्पा मेंढरं सोडून येईना, म्हणून वडापच्या, सीटमागं भाडं घेणाऱ्या रिक्षातून तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात मी घेऊन गेले. तिचा मुलगा बिभीषण बरोबर होता. रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे.

फुला रडली नाही. म्हणाली, "किती दिस हायत, तेवढं सांगा. मेंढरं कातरायची राहिलीत."

रत्नदीप डॉक्टर वयानं तरुण, पण माणूस सबुरीचा. ते म्हणाले, "मावशी, दिवस मोजायचा रोग नाही हा आता. एक गोळी आहे, ती रोज घ्यायची. नातवंडांची लग्नं बघाल." मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाले, ही पेशी. आपलं रक्त अशा पेशींचंच असतं. पेशीच्या दाराशी बाहेरून निरोप येतो, 'आता वाढ'. आत निरोपे उभे असतात. पहिला दुसऱ्याला हात लावतो, दुसरा तिसऱ्याला, असा निरोप आतल्या गाभ्यापर्यंत जातो. काम झालं की सगळे हात खाली घेतात. तुमच्या पेशीत मात्र गाभ्यातले दोन तुटलेले तुकडे चुकून एकमेकांना चिकटले, आणि त्यातून एक असा निरोप्या तयार झालाय की बाहेरून काही सांगावा नसताना तो 'वाढ, वाढ' करतच राहतो.

फुलानं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी आमच्या बिभीषणावानी की. महाराजांनी थांबायला हात वर केला तरी ह्याचा टाळ चालूच."

बिभीषण म्हणाला, "आई, हितं तरी गप बस की."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. आणि ही गोळी जाऊन त्याच्या दोन टाळांच्या मध्ये बसते. टाळ वाजतच नाही. पण रोज बसली पाहिजे. आणि उपाशीपोटी घेऊ नका, उलटी होईल. जेवणानंतर एक."

जेवणानंतर एक. पाकिटावरही तेच लिहून दिलं होतं.

दहा-बारा दिवसांनी एकादशी आली. सकाळी फुला माझ्या दारात. "आक्का, आज उपास. जेवण न्हाय, मग गोळी कशी घ्यायची?"

मी तेव्हा भगर निवडत होते. मान वर न करता बोलले, "मग आज राहू दे. एक दिवस देव सांभाळील की."

एवढंच बोलले मी. फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे आपल्या घरात लहान पोरीलाही कळतं. भगर पोटात गेली तरी आपण जेवलो असं म्हणत नाही. पण डॉक्टरांना त्या दिवशी फोन करून विचारायला मला काय झालं होतं? नंबर माझ्याच वहीत होता.

पहिलं वर्ष छान गेलं. कुशीतला गोळा विरला. दवाखान्यात रक्त तपासून एक आकडा सांगतात, तो रोग किती उरलाय ते दाखवतो. पहिल्यांदा तो ऐंशीच्या वर होता, वर्षात एकाच्या खाली आला. फुलानं दवाखान्याच्या पायरीवर साखर वाटली. आणि परत येताना रिक्षात मीच तिला म्हणाले, "फुला, देवानं एवढं केलं, आता आपणही काहीतरी करायला पाहिजे."

"काय करू सांग."

"सोमवार धर. गुरुवार धर. नवरात्राचे नऊ दिवस कडक कर. देवानं दिलेलं टिकवायचं तर नेम पाहिजे."

तिनं धरलं, आणि ते कसं धरलं ते तुम्ही पाहिलंयत. नवरात्रात नऊ दिवस शेंगदाणे आणि कोरा चहा, आणि मेंढरांमागं रोजचं चालणं चुकलं नाही. तुम्ही तिच्या पाया पडत होता, मीही पडले होते. तिचं कौतुक मी अजिनाथ महाराजांच्या कानावर घातलं, त्यांनी कीर्तनात तिचं नाव घेतलं. पदर तोंडाला लावून ती पहिल्या रांगेत लाजत बसली होती.

पुढच्या तपासणीला आकडा दोनवर गेला. डॉक्टर म्हणाले, होतं कधी कधी, बघू. त्याच्या पुढच्या वेळी चौदा. ते सरळ बसले.

"मावशी, गोळी रोज घेता ना?"

"व्हय."

"एकही चुकली नाही?"

"न्हाय ओ. जेवल्याबिगर न्हाय आन जेवल्यावर चुकवली न्हाय."

डॉक्टरांनी कार्ड बघितलं. दर महिन्याला पाकीट वेळेवर नेल्याची नोंद होती. शंका घ्यायला जागाच नव्हती. ते विचारात पडले, आणि तेवढ्यात फुलानं पिशवीतून शेवेचा मोठा प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं तर आत गोळ्यांच्या पट्ट्या. एकावर एक, रबर लावून नीट रचलेल्या. पंधरा-सोळा असतील.

ती आनंदानं म्हणाली, "ह्या उरल्यात. सरकारच्या हायत, वाया कशाला घालवू? एकाद्या गरिबाला गोळी मिळत नसंल तर त्येला द्या. देवापुढं जपून ठेवल्या हुत्या."

डॉक्टरांनी एक पट्टी उचलून उलटीसुलटी केली. मग हळू विचारलं, "उरल्या कशा मावशी?"

"उपासाच्या. उपासाला कुटं जेवतो आपण?"

"आठवड्यात उपास किती?"

ती बोटं मोजायला लागली. सोमवार, गुरुवार, एकादशी, नवरात्र. मोजताना तिचा आवाज बारीक होत गेला, कारण डॉक्टरांचा चेहरा तिला दिसत होता. वर्षातले एकशे तीसच्या वर दिवस. तेवढे दिवस त्या निरोप्याचे टाळ मोकळे.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "गोळी सोडायला कुणी सांगितलं?"

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. फुलानं माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. म्हणाली, "कुणी न्हाय. माझं मीच केलं. अडाणी हाय मी."

आणि मी गप्प बसले. बायांनो, वीस वर्षं मी तुम्हाला एकादशीच्या कथा वाचून दाखवते, भजनात पुढं बसते, खरं बोला म्हणून पोरांना सांगते. त्या खोलीत मला दोन शब्द बोलता आले नाहीत. बाहेर आल्यावर फुलाच म्हणाली, "आक्का, चल, चहा घेऊ. तुझं तोंड वाळलंय."

तीन आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गोळी मध्ये मध्ये नसली की वाढणाऱ्या पेशींना वाव मिळतो, आणि वाढता वाढता एखादी बदलते. तुमच्यातल्या एका पेशीत त्या निरोप्याची ठेवणच बदलली आहे. टाळ तोच, वाजवणाराही तोच, पण धरायची पद्धत वेगळी. जुनी गोळी आता मध्ये शिरतच नाही. रोज घेतली तरी नाही.

"म्हंजी त्या डब्यातल्या आता मला कामाच्या न्हाईत," फुला म्हणाली.

"नाहीत, मावशी."

"मंग दुसऱ्याला द्या म्हणलं, ते बरुबरच हुतं की." आणि ती हसली. डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली.

मग त्यांनीच सांगितलं की अलीकडच्या संशोधनातून एक नवी गोळी निघाली आहे. ती टाळांमध्ये बसायला जातच नाही. संशोधकांना त्या निरोप्याच्या अंगावर, टाळांपासून लांब, दुसरीच एक खोबण सापडली. गोळी तिथं बसते आणि मागून कोपरच आवळून धरते. हात उचलला नाही तर टाळ कसा वाजणार? पण ती मिळायला अर्ज, परवानगी, कागद, सगळं लागणार होतं. त्याला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत कुशीतला गोळा परत आला आणि आकडा एकतीसवर गेला.

मला झोप लागेना. एका दुपारी मी अजिनाथ महाराजांकडं गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील, तुझा भाव चांगला होता, देव बघतो. ते तसं काही म्हणाले नाहीत. मांडीवरची पोथी त्यांनी मिटली. मग म्हणाले, "मी पंचवीस वर्षं उपवासाचा महिमा सांगतोय. समोर बसलेल्यांत कुणाला औषध चालू आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. तिचं नाव कीर्तनात मीच घेतलं. तुला काय सांगू?" पोथी बाजूला ठेवत म्हणाले, "डॉक्टरांना जाऊन सांग. फुलाबाईनं तुझं ओझं उचललंय, तिला आधीच जड झालंय."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वडापनं गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी 'जेवणानंतर' म्हणालो. उपवास करता का, हे मलाही विचारायला हवं होतं. आता प्रत्येकाला विचारतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नवी गोळी आली, तेव्हा औषधाच्या खिडकीवरच्या शुभदा मॅडमनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "नीट ऐका. ही उपाशीपोटी घ्यायची. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही."

फुला माझ्याकडं वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "आता गं! ही तर उपासाचीच निघाली की!" आणि इतकी हसली की तिला धाप लागली. मला हसू येईना. मॅडमना काही कळेना.

"आन एकादशीला?" फुलानं विचारलं.

"एकादशीला, सोमवारी, दिवाळीला, रोज. आणि उपवास आता बंद. अंगात ताकद हवी."

घरी आल्यावर मी तिचे पाय धरले. "फुला, हे मी केलं."

"सोड पाय. तुझ्या तोंडचं ऐकून केलं, तुझ्या हातानं केलं न्हाय. मलाबी इचारता आलं असतं डाक्टरला. आपण दोघींनीबी इचारलं न्हाय."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानंतरही कधी म्हणाली नाही.

तीन महिन्यांनी आकडा एकतीसचा चोवीस झाला. डॉक्टर म्हणाले, उतरतोय, पण हळू. मग गेल्या महिन्यात रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशीच कमी झाल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून नवी गोळीही थांबवावी लागली. सुरू करावी तर रक्तस्राव, थांबवावी तर तो निरोप्या मोकळा. आज अकरा दिवस झाले, ती सोलापूरला वॉर्डात आहे. बिभीषण तिच्या उशाशी आहे. काल मी जाऊन आले. मी नेलेला जेवणाचा डबा उघडून तिनं भाकरी आणि वरण खाल्लं आणि विचारलं, "उद्या एकादशी न्हवं? कीर्तन कुणाचं?" मी सांगितलं. म्हणाली, "मंग माझी जागा धरू नगा. लांबनं आलेली एकादी बाई बसंल तितं."

आता तुमच्यात कुणाला साखरेची, रक्तदाबाची, फिटची गोळी चालू असेल आणि आज उपास म्हणून ती घरी ठेवून आली असाल, तर लाज बाळगू नका. आत्ता उठा, घरी जाऊन घेऊन या. किती वाजता, कशाबरोबर घ्यायची हे माहीत नसेल तर दारात बिभीषणाचा मित्र बाळासो उभा आहे, त्याच्याकडं डॉक्टरांचा नंबर आहे. कीर्तन थांबेल, मी महाराजांना सांगितलंय.

ते आलेच बघा. मृदंगही लागला. आज नाव घेताना, टाळी वाजवताना, आरतीला हात जोडताना, मायाप्पाची फुलाबाई तिकडं खाटेवर पडून आहे, तिची आठवण ठेवा.