नवसाचा गळा

निळा चिमटा. प्लास्टिकचा, एक दात तुटलेला, स्प्रिंगवर गंज... आणि तरी पकड अशी चिवट, की नवऱ्याच्या — ड्वेनच्या — लग्नातल्या कोटाच्या वरच्या खिशाला त्याने फोन घट्ट धरून ठेवला होता. वसईहून निघताना दादाने लोणच्याच्या पिशवीचं तोंड ह्याच चिमट्याने बंद केलं होतं. ‘लोणचं काढून घेतलं त्या लोकांनी तर घेऊ देत, चिमटा मागून घे,’ म्हणाला होता — आणि झालंही तसंच, लोणचं मेलबर्नच्या विमानतळावर कस्टम्सच्या कचरापेटीत गेलं आणि ज्युलियाना नुसता चिमटा मुठीत धरून बाहेर आली. तेव्हा केवढी हसली होती. आज त्याच्याकडे बघताना तिच्या मनात आलं, हा सुटला आणि फोन पडला तर — तर काय? काही नाही, फोन पडेल. पण तिने तो आणखी एकदा दाबून बसवला.

कपाटाचं दार तिने आतून ओढून घेतलं. मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनातल्या ह्या नव्या घरातलं कपाट म्हणजे एक खोलीच होती, माणूस उभा राहील एवढी. दोन्ही बाजूंना कोट, साड्या, लेकीचे, वेंडीचे, शाळेचे स्वेटर, आणि मध्ये ती. कपड्यांच्या मध्ये उभं राहून गा, आवाज घुमत नाही, असं इनास अंकलनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. वसईकर मंडळींच्या गायकवृंदाचे इनास अंकल सर्वेसर्वा. पुन्हा लॉकडाउन लागला, चर्चला पुन्हा कुलूप, उद्याची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पुन्हा स्क्रीनवर. जो तो आपापल्या घरात एकटा गाणार आणि अंकल ते आवाज एकावर एक चढवून त्याचा गायकवृंद करणार. तिचा आवाज सगळ्यांत आधी लागायचा, कारण बाकीचे तो कानात घालून गात. अन् फोन फ्लाइट मोडवर टाका, अंकलनी दरडावलं होतं, मागच्या खेपेला कुणाच्या तरी मेसेजचं टिंग टिंग सबंध मिस्साभर वाजत होतं!

फ्लाइट मोड. तिथेच तर सगळं अडलं होतं. ह्याच फोनवर नीलिमावहिनीचा मेसेज यायचा होता. दादा — कॅसिमिर, तिचा थोरला भाऊ — वसईच्या इस्पितळात दुसरा आठवडा ऑक्सिजनवर होता, आणि आज सकाळच्या राउंडला डॉक्टर ठरवणार होते, व्हेंटिलेटरवर घ्यायचं की नाही. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. दुपारपर्यंत अंकलना गाणं हवं होतं. जायचं म्हटलं तर जाता येत नव्हतं. परवानगीचा अर्ज करा, कारण द्या, पुरावा जोडा, आणि गेलात तर परत कधी याल ते विचारू नका. तेव्हा जगातून तिच्यापर्यंत पोचणारी एकच वाट होती, आणि गायला लागायचं म्हणजे तीच स्वतःच्या बोटाने बंद करायची.

तिने ती बंद केली. टॅबलेटवरून एका कानात हार्मोनियमचे सूर सुरू झाले.

‘श्वास आहे तोवर, देवा, तुझीच स्तुती गाईन...’

गाणं दादाचं होतं. त्यानेच बांधलेलं, आई गेली त्या वर्षी. त्याला गाता येत नसे — म्हणजे गायचा तो, चर्चच्या माळ्यावर पेटी वाजवता वाजवता मान वर करून मोठ्याने गायचा, पण सूर आपला शेजारच्या गावात, आणि धृपदावर दर वेळी एक मात्रा आधी शिरायचा. त्याला दम निघत नसे. सगळी मंडळी मग त्याच्यामागून आधीच शिरायची, आणि वेळेवर शिरणारी ज्युलियाना एकटीच चुकल्यासारखी दिसायची. खाली उतरल्यावर ती चिडायची आणि तो पेटीचा भाता बांधत म्हणायचा, ‘अगं, मग वाट कशाला बघायची?’ ...वाट कशाला बघायची! सांग ना आता. आता तुझ्या बायकोच्या मेसेजची वाट बघतेय मी, कपाटात उभी राहून.

चुकलं. ‘गाईन’वर आवाज हलला. थांब, पुन्हा.

पुन्हा म्हणजे आधी फ्लाइट मोड काढायचा, वरच्या कोपऱ्यातल्या रेघा भरेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं, काही आलं नाही ह्याची खात्री करायची — वेंडीच्या शाळेचं काहीतरी, कुणीतरी पाठवलेला काढ्याचा व्हिडिओ, बाकी नाही — आणि मग पुन्हा वाट बंद. असं सकाळपासून किती वेळा झालं कुणास ठाऊक. आणि हे नुसतं गाण्यासाठी चाललेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. उगाच आव आणण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला, दुसरं कडवं अगदी सुरेख जमत असताना, आत कुणीतरी हळूच म्हणालं होतं — हे शेवटपर्यंत न चुकता झालं तर दादा वाचेल. बस्स, एवढंच. त्यानंतर प्रत्येक चूक नुसती चूक राहिली नव्हती. श्वास कमी पडला की तिकडे त्याचा ऑक्सिजनचा आकडा खाली उतरल्यासारखं वाटे, आणि पुढचा सूर खरखरीत.

ही सवय घरचीच. लहानपणी तिचा घसा इतका सुजला होता की पाणीसुद्धा उतरेना. आईने वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस केला. पोर बरी झाल्यावर फेडायला गेली, तर तिथे वाहायला मेणाचे हात होते, पाय होते, डोळे होते, घरंसुद्धा होती, पण गळा काही मिळेना. विकणारी म्हणाली, गळा कोण मागतं, बाई? तेव्हा आईने अख्खी मेणाची मुलगी घेतली आणि वाहिली. पुढे आवाज फुटला तो असा, की चर्चमधली माणसं मागे वळून माळ्याकडे बघायची. नवसाचा गळा, म्हणायची आई, कौतुकाने. आणि ज्युलियानाही गाताना डोळे मिटायची खरी, पण कोण कोण वळलं ते तिला मिटल्या डोळ्यांनीही बरोबर कळत असे.

तिथे फुप्फुसं मिळायची का? ती आठवून पाहत होती. हात, पाय, डोळे, हृदय होतं बहुतेक... फुप्फुसं असतील तर जोडीने विकत असतील की एकेक?

शी! काय विचार करतेय मी.

ड्वेन शिफ्टला गेला होता, गोदामं काही बंद नव्हती. घरात ती आणि वेंडी. शेवटी एकदाचं जमलं — पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओरखडा नाही, लांबलेला ‘गाईन’ तारेसारखा सरळ — आणि ती कपाटातून बाहेर आली तेव्हा तिची पाठ घामाने भिजली होती, बाहेर हीटर लावावा लागतोय अशा दिवशी. वेंडी पलंगावर पालथी पडून शाळेचं काही करत होती. आईने फोन पुढे धरला. पोरीने ऐकलं, सबंध ऐकलं, हे तिचं चांगलं.

“इट्स परफेक्ट, मम. लिटरली.”

“पण?”

“मी पण म्हटलंच नाही.”

“तोंडावर दिसतोय तुझ्या.”

वेंडीने उशीचं टोक ओढलं. “इट साउंड्स लाइक... बँकेला फोन केला की आपल्याला होल्डवर ठेवतात ना? तसं. सॉरी. इट्स रिअली नाइस.”

हसू यावं की कानाखाली द्यावी हे ज्युलियानाला ठरवता आलं नाही. तिने गाणं इनास अंकलना पाठवून दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कालची भांडी घासली, जी मशीनमध्ये टाकायची होती. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती घड्याळाकडे बघत होती. राउंड सुरू झाला असेल. नीलिमावहिनी खाली जिन्यापाशी उभी असेल, वर सोडत नाहीत... डॉक्टर कागद चाळत असेल... झालं की गं, मी केलं माझ्याकडून, न चुकता गायले, आता —

फोन वाजला. हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. इनास अंकल होते.

“ज्युलियाना! झकास, बाई. काय गळा दिलाय देवाने! आणि ऐक, तू अजिबात काळजी करू नकोस. कॅसिमिर बरा होणार, लिहून घे. असं गाणं ऐकल्यावर देव नाही म्हणेल होय?”

जे ती सकाळपासून स्वतःशीही पुरतं उच्चारत नव्हती, ते त्या भल्या माणसाने मोठ्याने, प्रेमाने, खणखणीत बोलून दाखवलं होतं. आणि मोठ्याने ऐकू आल्यावर ते भयंकर होतं. मग दादाच्या शेजारच्या खाटेवरचा तो मास्तर, जो परवा गेला — त्याच्या घरात कुणी बेसूर होतं म्हणून गेला? गल्लीतली दोन घरं बंद झाली, त्यांनी काय कमी हाका मारल्या? आणि मी तुला विकत घ्यायला निघाले होते, देवा, माझ्या गळ्याने, तुझ्याच स्तुतीचं मेण करून...

“अंकल, ते लावू नका.”

“काय लावू नको?”

“ते गाणं. मी दुसरं पाठवते.”

“अगं वेडी आहेस का? इतकं क्लीन आलंय! मला अजून बाकीच्यांचं—”

“पाठवते म्हटलं ना,” ती म्हणाली, आणि इनास अंकलशी बोलताना आयुष्यात पहिल्यांदा तिने आपणहून फोन ठेवला.

पुन्हा कपाट. पुन्हा कोट, पुन्हा चिमटा. तिने फोन खिशाला लावला, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि फ्लाइट मोडपाशी तिचं बोट थांबलं. नाही. आता नाही बंद करणार. टॅबलेट तिने बाहेरच ठेवला होता. पेटी नाही, ठेका नाही. ती खाली गालिच्यावर बसली, वेंडीच्या बुटांच्या शेजारी. लाल ठिपका चालूच होता. शांतता रेकॉर्ड होत होती.

“मला तुझा राग आलाय,” ती म्हणाली.

बोलल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. लहानपणापासून देवाशी बोलायची जी भाषा शिकवली होती तीत हे वाक्य नव्हतं; तीत परमदयाळू होतं, पापी आम्ही होतं, कृपा कर होतं. पण छत कोसळलं नाही. वरच्या दांडीवर कपडे तसेच लटकत होते. आणि गंमत अशी की सकाळपासून पहिल्यांदाच समोर कुणीतरी असल्यासारखं वाटलं. सकाळपासून होता तो एक काउंटर, ती सुरेल काहीतरी पुढे सरकवत होती आणि पावतीची वाट बघत होती. राग काउंटरवर येत नाही. राग कुणावर तरी येतो.

“खूप राग आलाय. आणि तू नाहीस असं मला म्हणताही येत नाहीये.”

मग ती गायला लागली, ठरवून नव्हे. बसल्या बसल्या, पाठ वाकलेली, श्वास पोटापर्यंत जातच नव्हता. ‘श्वास आहे तोवर...’ पट्टी खालची लागली होती, दादाची. तोवर. आणि नंतर? नंतरचं दादाने काही लिहिलं नव्हतं. त्याला बहुधा प्रश्नच पडला नसावा. तो आपला मान वर करून गात राहिला असेल, शेजारच्या गावातल्या सुरात, कोण वळलं न वळलं ते न बघता. त्याचं लक्ष त्या वेळी कुठे असायचं, हे तिला आज, इतक्या लांबून, थोडंसं दिसल्यासारखं झालं. ती दुसऱ्या कडव्यावर आली, आवाज चिरकला, तिने तो तसाच पुढे नेला.

चिमटा थरथरला.

फोन कोटाच्या खिशावर घरघरला — एकदा, थांबून पुन्हा एकदा. अंधारात खिशाभोवतीचं कापड उजळलं. खाली बसून पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. हात लांब केला असता, चिमटा दाबला असता, तर कळलं असतं. तिचा हात उचललाही गेला.

बातमी पुढे ढकलायला गाते आहेस का? तिने स्वतःला विचारलं. हो, थोडं तेही. पण तेवढंच नाही. त्या उजेडात काहीही लिहिलेलं असो, ते वाचल्यावर मी जे म्हणेन ते एक तर आभार असतील, नाहीतर आक्रोश. दोन्ही म्हणेन, जे वाट्याला येईल ते म्हणेन. पण हे, आत्ताचं, न वाचताचं... हे एवढंच आहे माझ्याकडे, जे कशाच्याही बदल्यात नाही. मला दादा हवाय. देवा, मला माझा भाऊ हवाय, हे तुला काय सांगायचं. पण ह्याच्या बदल्यात नको.

फोन तिसऱ्यांदा घरघरला. उद्याच्या मिस्सेत ही घरघर ऐकू येईल आणि इनास अंकल ओरडतील. दाराबाहेर पावलं आली, वेंडीची असणार. ती बाहेरच थांबली.

ज्युलियानाचा हात कोटाच्या बाहीवर टेकलेला होता. धृपद यायला अजून एक मात्रा होती. तिने वाट पाहिली नाही.