अंगाबेताचा गणवेश

टेलरबाईंनी ट्यूनिक उलटं केलं, डावी शिवण दोन बोटांत ताणून धरली आणि ब्लेडचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. समोरच्या स्टुलावर पोस्टातल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर रिकामी कापडी पिशवी होती. तिची त्या घडी घालत होत्या, मोडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या.

"धाकटीला होईल असं करायचं," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "उंचीला दोघी सारख्याच. ही जरा अंगानं भरलेली आहे, एवढंच."

"होईल. कापड आत भरपूर आहे."

ट्यूनिक थोरलीचं होतं. थोरली हिवाळ्यात गेली. साधा ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. लढायला अंगात काही शिल्लकच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले होते. टेलरबाई तेव्हा भेटायला जाऊन अर्धा तास बसून आल्या होत्या, पण अशा वेळी काय बोलायचं असतं ते त्यांना कधीच जमलं नाही. त्यानंतर पोस्टातल्या बाई आज पहिल्यांदाच दुकानात आल्या होत्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गावातल्या दोन्ही शाळांचे गणवेश अकरा वर्षं इथेच शिवले जात होते आणि तेवढ्या काळात बाईंचं खरं नाव लोक विसरून गेले होते. पेपरवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत सगळे त्यांना टेलरबाईच म्हणत. नवरासुद्धा म्हणायचा, पण तो चिडवायला. शाळा कशी आहे हे बाकीच्या आईबापांना निकालावरून कळतं, टेलरबाईंना कपड्यांवरून कळायचं. बाजारामागच्या शाळेच्या कपड्यांची दशा बघवत नसे. खिसा लोंबतोय, बाही खांद्यातून निखळलीय, स्कर्टच्या घेरात शाई, आणि अर्धं वर्ष सरलं की उंची वाढली म्हणून दुमड सोडून द्यायची. चढावरच्या शाळेचे कपडे मात्र फाटतच नसत. बटणंसुद्धा जागच्या जागी. ते यायचे फक्त आत घ्यायला. पहिल्यांदा दोन बोटं, सहा महिन्यांनी आणखी एक. कपडे घेऊन आलेल्या आया एकच वाक्य बोलत, "अभ्यास फार करते हो, खाल्लेलं अंगाला लागत नाही."

टेलरबाई मान हलवत आणि आत घेऊन देत. चढावरच्या शाळेत शिस्त असते, कपडेसुद्धा फाटत नाहीत, असं त्यांनी शेजारणींना किती वेळा अभिमानानं सांगितलं असेल याची मोजदाद नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, भिंगरीचा, त्याच शाळेच्या प्रवेशपरीक्षेत नंबर लागला होता. फॉर्म भरून उद्या दहाच्या आत द्यायचा होता.

शिवण उसवत गेली तशी आतली जुनी टीप दिसायला लागली. तिच्या पलीकडे आणखी एक होती आणि तिच्याही पलीकडे तिसरी. तिन्ही टिपा सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर होत्या. आपलाच हात टेलरबाईंनी ओळखला.

"तीनदा आत घेतलंय मी हे," त्या म्हणाल्या. बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

"हो. तीनदा." पोस्टातल्या बाईंनी पिशवीची घडी गुडघ्यावर दाबली. "तुमचा हात फार चांगला आहे, बाई. इथून नेलं की दर वेळी कसं अंगाबेताचं बसायचं. सकाळी ती निघाली की मी दारातून बघायची. नीटनेटकी दिसायची. मला कळलंच नाही."

टेलरबाईंचं ब्लेड थांबलं. बाईंच्या आवाजात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या भांडल्या असत्या, मी सांगितलं तेवढं केलं, असं म्हणाल्या असत्या. पण समोरची बाई खरोखरच त्यांच्या हाताचं कौतुक करत होती. ट्यूनिक ढगळ राहिलं असतं तर रस्त्यावरच्या परक्या माणसानंही मागं वळून पाहिलं असतं. ते ढगळ राहू नये याची काळजी टेलरबाईंनी डोळ्यांत तेल घालून घेतली होती.

त्यांनी उजवी शिवण उसवायला घेतली. मान वर न करताच विचारलं, "धाकटीलाही तिथेच घालताय?"

"नंबर लागलाय ना तिचा."

"तरी पण."

"वर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. चांगल्या आहेत हो. म्हणाल्या, थोरलीची जागा तुमच्याच घरात राहू दे." पोस्टातल्या बाईंनी पिशवीची घडी मोडली. "आणि आता सोडली, तर थोरलीनं केलं ते सगळं फुकट गेल्यासारखं होईल. नाही का?"

टेलरबाईंनी सुटलेले दोरे वेचून काढले. त्यांनी विचारलं, "डबा खाते का धाकटी?"

"घरी व्यवस्थित खाते. तिथं गेल्यावर बघायचं. मधल्या सुट्टीत रोज चाचणी असते आणि सुटताना फळ्यावर नंबर लागतात. डबा उघडत बसलं की तेवढा वेळ जातो. थोरली म्हणायची, खाल्लं की डोळे मिटायला लागतात आई, मग खाली जाते मी." त्यांनी हातांनी पायरीसारखी खूण केली. "म्हणजे नंबरात."

टेलरबाईंनी दोन्ही शिवणी मूळच्या जागेवर पुन्हा टीप मारून दिल्या. ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली, तरी जुन्या टाक्यांची भोकं रांगेत दिसतच राहिली.

"ही धुतल्यावर जातील?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"नाही जाणार."

"असू दे. हाताखाली येतात. कोण बघतंय."

त्यांनी ट्यूनिक पिशवीत घातलं आणि किती झाले म्हणून विचारलं. टेलरबाईंनी हात हलवून नको म्हटलं. त्यांना खोलीत एकटं राहायचं होतं. बाई गेल्यावर त्यांनी मशीनवर कापड घेतलं, पण पाय पायडलवर नुसतेच ठेवून त्या बसून राहिल्या. अकरा वर्षांत अशी किती ट्यूनिकं हाताखालून गेली, ते आठवायचंही धाडस होईना.

नवरा संध्याकाळी उजेड असतानाच घरी आला. मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. एरवी ग्रीसचे हात तासभर चोळत बसायचा, आज मात्र पटकन धुऊन आतल्या खोलीत टेबलाशी बसला, फॉर्म सरळ केला आणि चष्मा लावला. घरात चांगलं काही घडलं की याला विनोद सुचतात.

"लोकांना वरच्या मजल्यावर पोचवण्यात माझी वीस वर्षं गेली," तो म्हणाला. "आता आमची पोर चढावर जाणार. तेही लिफ्टशिवाय."

भिंगरी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. ती हसली. तिला लहानपणापासून एका जागी बसणं माहीत नव्हतं, म्हणून हे नाव पडलं होतं. परीक्षेच्या अभ्यासाला लागल्यापासून मात्र तिची बैठक पक्की झाली होती आणि त्याचं नवराबायको दोघांनाही कौतुक होतं.

टेलरबाई दारात उभ्या राहिल्या. "अहो, बाजारामागची शाळा काही वाईट नाही."

"आत्ता? नंबर लागल्यावर?" नवऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "त्या शाळेत दोन वर्षं गणिताला मास्तर नव्हता. तूच सांगायचीस. तिथल्या पोरांच्या चड्ड्या शिवून शिवून वैताग आला म्हणून."

"चढावरच्या शाळेचे कपडे आत घ्यायला येतात."

"म्हणजे?"

"मुली बारीक होतात तिथे."

"अगं, अभ्यास केला की माणूस बारीक होतंच. मी शिकत होतो तेव्हा माझ्या पाटीवरच्या रेघा आणि माझ्या बरगड्या सारख्याच दिसायच्या." त्यानं पोटावर थाप मारली. "नोकरी लागली तशी सगळी कसर भरून काढली बघ."

"पोस्टातल्या बाई आल्या होत्या आज."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "ते वेगळं," तो हळू आवाजात म्हणाला. "ताप आला होता तिला. ते कुठेही झालं असतं. आपली चांगली खातीपिती पोर आहे, तिच्याबद्दल भलतंसलतं मनात आणू नकोस."

"मला तिथेच जायचंय, आई," भिंगरी म्हणाली. "मी सहावी आलेय. सहाशे जणांत."

"झालं," नवरा म्हणाला. "टेलरबाई, तुम्ही आपलं तिचं माप घ्या. गणवेश तर लागणारच. मी तोवर हे भरतो."

वाद घालायला टेलरबाईंकडे दुसरं काही नव्हतं. कपड्यांपलीकडचं त्यांना कधी नीट सांगता येत नसे आणि तो तर कपड्यांचं ऐकून घेऊन मोकळा झाला होता. त्या भिंगरीला घेऊन पुढच्या खोलीत आल्या.

गिऱ्हाइकांच्या मुलींची मापं वहीत असतात, घरच्या पोरीचं माप कोण लिहून ठेवतो. तिचे कपडे त्या नजरेनंच बेतायच्या. आता अंगात होता तो निळा फ्रॉक त्यांनी सहा महिन्यांपूर्वी शिवला होता. वाढतं अंग म्हणून मुद्दाम सैल ठेवला होता. आत्ता मात्र तो कंबरेशी छान बसला होता. पोर वाढली म्हणायची, असं म्हणून त्यांनी टेप कंबरेभोवती फिरवला.

टेपचं टोक भलत्याच आकड्यावर आलं.

"पोट आत ओढू नकोस."

"नाही ओढलंय."

त्यांनी पुन्हा टेप लावला. आकडा तोच आला. एवढी कंबर असेल तर हा फ्रॉक अंगावर असा बसेलच कसा? टेलरबाई गुडघ्यावर बसल्या. फ्रॉकची बाजू त्यांनी उलटवून पाहिली. आत, त्यांच्या मशीनच्या टिपेपासून चार बोटं अलीकडे, धावदोरा घातलेला होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच. दोरा कापडाच्या रंगाशी जुळणारा निवडला होता. टाके बारीक आणि एकसारखे होते. गाठ शिवणीच्या घडीत लपवली होती, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून टेलरबाई लपवायच्या तशीच.

"हे कुणी केलं?"

"मी." भिंगरीनं मान खाली घातली. "तुला सीझनची कामं होती ना. एकदा परीक्षेच्या आधी केलं. मग निकालाच्या आधी उसवून परत."

"डबा तर रोज रिकामा यायचा तुझा."

"मैत्रिणीला द्यायचे. चढावरच्या मुली असंच करतात, आई. आपल्याकडे माप द्यायला आल्या की बोलतात ना आपापसात."

टेलरबाईंनी धावदोऱ्यावरून बोट फिरवलं. भिंगरीनं विचारलं, "नीट जमलंय ना?"

खरं सांगायचं तर जमलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीचा इतका स्वच्छ टाका त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि पहिल्यांदा त्यांना वाटला तो अभिमानच. पोरीला हात आहे, असं त्यांच्या मनात येऊनही गेलं. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तोंड लपवायला त्यांनी फ्रॉकच्या घेरात मान घातली.

"जमलंय," त्या म्हणाल्या आणि मशीनवरचं ब्लेड घेतलं. "हलू नकोस."

धावदोरा उसवायला वेळ लागत नाही. एक टाका कापून दोरा ओढला की सगळा सरळ हातात येतो. दोन्ही बाजू सुटल्या तसा फ्रॉक खांद्यांवरून नुसता लोंबायला लागला. भिंगरीनं दोन्ही हातांनी तो कंबरेशी आवळून धरला.

"आई, अशी कशी जाऊ मी बाहेर?"

"हात सोड. आणि बाबांसमोर जाऊन उभी राहा."

"त्यांना सांगू नकोस ना."

"मी काही सांगत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "तू नुसती उभी राहा."

नवऱ्याचा फॉर्म भरून झाला होता. पालकाची सही तेवढी राहिली होती आणि तिच्यासाठी तो पेन झटकून पाहत होता. चाहूल लागली म्हणून त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि हसायला लागला.

"हा कुणाचा फ्रॉक चढवून आलीस गं?"

"माझाच आहे."

"तुझा?" तो अजून हसतच होता, बहुधा पुढची गंमत काय ते कळायची वाट पाहत होता. त्यानं दारातल्या बायकोकडे बघितलं. मग पुन्हा मुलीकडे. ती मान खाली घालून, हात दोन्ही बाजूंना सोडून उभी होती. त्यानं पेन खाली ठेवलं, तिला दंडाला धरून जवळ घेतलं आणि कंबरेशी सुटलेलं कापड चिमटीत धरून पाहिलं. ते चिमटीत मावेना, तेव्हा त्यानं मूठ केली.