मूळ कारण: तपासणारी बाई

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, किती टिकते ते बघायला, रक्त पातळ ठेवणारी ती गोळी बाटलीसकट सहा महिने गरम, दमट कपाटात ठेवलेली होती. गोळ्यांनी घाम गाळायचा आणि माणसांनी त्यांची नाडी बघायची, असं ते खातं. यंदा नाडी बघितली, तर आलेखावर जिथे सपाट रेघ असायची तिथे एक सुळका उभा. म्हणजे औषध मोडत होतं आणि त्याच्या तुकड्यांतून भलतंच काही तयार होत होतं, तेही मर्यादेच्या दुप्पट.

साहेबांनी चौकशी समिती नेमली. समितीत साहेब होते आणि साहेबांना हो म्हणणारे दोघे. तिसऱ्याच दिवशी मूळ कारण सापडलं: तपासणारी बाई.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," साहेब म्हणाले. "भांडं नीट धुतलं नसेल. महिनाअखेर अहवालावर सही करा, एक दिवस प्रशिक्षणाला बसा, विषय संपला."

विषय कसला संपतोय! तिच्या नावावर ही तिसरी चूक लागणार होती, आणि तीन चुका झाल्या की प्रयोगशाळा सुटून थेट गोदामात खोकी रचायला. आधीच्या दोन चुकाही अशाच, साहेबांच्या कृपेने पदरात पडलेल्या.

घरी सासरे तीच गोळी घेत. त्या संध्याकाळी ते नव्या बाटलीला डोळा लावून बसले होते.

"सूनबाई, तुझ्या कंपनीला दळिद्र लागलंय का गं?"

"का हो, बाबा?"

"आतली ती ओल शोषणारी पुडी गायब! कानाच्या यंत्राच्या डबीत ठेवायचो मी."

तिच्या हातातला चमचा हातातच राहिला. पुडी साहेबांनीच काढायला लावली होती, गेल्या वर्षी. काटकसरीबद्दल त्यांना ढालही मिळाली होती.

"बाबा, ही बाटली राहू दे. मी दुसऱ्या कंपनीची आणते."

"वा! घरचा वैद्य आणि औषध शेजारचं!"

दुसऱ्या दिवशी तिने निम्म्या बाटल्यांत पुडी घातली, निम्म्या तशाच ठेवल्या, आणि सगळ्या आणखी गरम अशा एकाच कपाटात कोंबल्या. महिनाअखेर पुडीवाल्यांची रेघ सपाट, बाकीच्यांना सुळका. तिने नोंदवहीत शाईने लिहिलं: 'मूळ कारण: पुडी काढली. आदेश: साहेब.' खाली सही ठोकली.

साहेब लालबुंद झाले. "पान फाडा!"

"पानांवर नंबर छापलेत, साहेब."

"मग खोडा!"

"तुम्ही खोडा. फक्त एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, तारीख आणि खोडणाऱ्याची सही. प्रशिक्षणात तुम्हीच शिकवलंत. दोनदा." तिने पेन पुढे केलं.

साहेबांनी ते ऐटीत घेतलं, कागदाला टेकवलं, आणि हो म्हणणाऱ्या दोघांकडे पाहिलं. "कारण काय लिहू या?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघांना हो म्हणायला काही सापडेना. एक छताकडे बघू लागला, दुसऱ्याला खोकला आला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

माल बाजारातून परत मागवला गेला. पत्रात मूळ कारणापुढे 'तांत्रिक' एवढंच होतं. साहेबांचं नाव शाईसकट वहीतच वाळत राहिलं. पुढच्या महिन्यात 'पुडीचं महत्त्व' या विषयावर साहेबांचं तासभर भाषण झालं. ती पहिल्या रांगेत बसली होती, प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून. टाळ्या मात्र तिने वाजवल्या नाहीत.