न सांगितलेले पाच आठवडे

ज्या जीवाला अद्याप हाक मारता येत नाही, त्याच्या रक्षणाचे उत्तरदायित्व त्याचे अस्तित्व ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यावर येते. घराला ठाऊक असेल तर ते घरावर येते, गावाला ठाऊक असेल तर गावावर. कोणालाच ठाऊक नसेल, तर सारा भार एका स्त्रीच्या अंगावर पडतो, आणि त्या भारासह तिला रोजचे ओझेही उचलावे लागते. मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते अशाच एका भाराविषयी आहे. ते ऐकून कोणाविषयी मनात द्वेष धरू नका. या वृत्तांतात दुष्ट असे कोणीच नाही, आणि तरीही अनर्थ घडला.

मी एक जुना फवारणी पंप आहे. आंबीच्या एका कारखान्यात निळ्या प्लास्टिकचे दाणे वितळवून मला साच्यातून काढले. पाठीवर अडकवायला दोन पट्टे, डाव्या हाताने हलवायचा दांडा, उजव्या हाती धरायची नळी, आणि पोटात सोळा लिटर पाणी मावेल एवढी जागा, हे माझे शरीर. माझ्या अंगावर एक कागद चिकटवलेला होता. त्यात हातमोजे, तोंडावर फडके आणि पायांत बूट घातलेल्या माणसाचे चित्र होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत काही सूचना होत्या. पहिल्याच हंगामात तो कागद भिजून निघून गेला. तो कोणी वाचल्याचे मला स्मरत नाही.

कामशेतच्या बाजारातील दुकानातून मी पवनेच्या रस्त्यावरील गुलाबांच्या पॉलिहाऊसवर आलो. पांढऱ्या प्लास्टिकने मढवलेल्या तीन शेड, आत गुलाबाचे लांबच लांब वाफे, आणि बाहेर थंडी असली तरी आत दाटून राहिलेली ऊब. तेथील मुकादम बाजीराव यांनी मला डोंगरउतारावरील वाडीतल्या दत्ताच्या स्वाधीन केले. दत्ता सव्वीस वर्षांचा, अबोल, हाताने अत्यंत समतोल. त्याच्या फवाऱ्याखालून एक पान सुटत नसे. कळ्यांवर कीड राहिली नाही म्हणून मालकांनी एकदा सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली. ती थाप माझ्यावरच पडली, आणि मला धन्य वाटले. आज त्या धन्यतेची लाज वाटते. मी जे दवासारखे उडवीत होतो ते विष होते. इकडे त्याला सारेच औषध म्हणतात, म्हणून मीही तसेच समजत होतो.

दत्ताची पत्नी हर्षदा त्याच पॉलिहाऊसवर कामाला होती. दत्ता औषध मोजून घाली, आणि हर्षदा हौदातून कळशीने पाणी आणून माझे पोट भरी. मग दोन्ही हातांनी मला उचलून ती त्याच्या पाठीशी धरी आणि तो पट्ट्यांत हात घाली. पुढे माझ्या झाकणाचे वायसर झिजले. दत्ताने त्याला चिंधी गुंडाळली. तरीही उचलताना थोडे पाणी पाझरत असे आणि हर्षदाच्या कुशीवर ओल उमटत असे. दत्ताचे फवारणीचे कपडेही तीच हाताने धूत असे. भातकापणी झाल्यावर स्वतःच्या तुकड्यातील वालावर फवारायला दत्ता मला रोज संध्याकाळी वाडीवर नेई आणि चुलीजवळच्या खुंटीला अडकवी. माझी जागा माणसांच्या घरात नव्हती. परंतु ती जागा मिळाली, म्हणूनच मला हा वृत्तांत ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी हर्षदाला दिवस गेले होते. आनंदाच्या भरात एरवी अबोल असलेल्या दत्ताने वाडीभर सांगितले, आणि पंधरवड्यातच तो गर्भ गेला. तेव्हापासून दत्ताची आई भागूबाई मनात एक गाठ मारून बसली होती, की बोलल्यामुळे दृष्ट लागली. गेल्या मार्गशीर्षात हर्षदाची पाळी पुन्हा चुकली. चुलीवर भाकरी टाकता टाकता तिने ते सासूच्या कानी घातले, तेव्हा मी खुंटीवर होतो.

भागूबाईने आधी दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "तीन महिनं भरूस्तवर तोंडातनं अक्षर काढायचं न्हाई. दत्तूला बी न्हाई सांगायचं. आसली गोष्ट त्याच्या पोटात ऱ्हात न्हाई."

"आन् कामाचं, आत्या?"

"रोजच्यावानीच जायाचं. बसलीस घरात, तर बायांना काय समजायचं ऱ्हातंय व्हय?"

मित्रांनो, या उत्तरात मायेचा अभाव नव्हता. त्या दिवसापासून भागूबाईने पाण्याचे हंडे सुनेला भरू दिले नाहीत. ती स्वतः वाकलेल्या पाठीने टेकडी चढे, आणि कोणी विचारलेच तर सून कामावरून दमून येते असे सांगे. स्वतःच्या ताटातले वालाचे कालवण तिच्या ताटात वाढी. वाडीत जेवढे जपता येते तेवढे ती जपत होती. वाडीबाहेर मात्र मौनच हर्षदाला जपेल, अशी तिची श्रद्धा होती.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची आशाताई अनिता वाडीवर आली. ती खालच्या गावातली. खांद्याला पिशवी लावून घरोघर फिरणारी आणि प्रत्येक दारात बसून बोलणारी. तिने भागूबाईला सरळ विचारले, "मावशी, घरात कुणाची पाळी चुकलीय का?"

"न्हाई बा. आमच्यात कोन न्हाई."

अनिताने पिशवीवर हात ठेवला आणि जराशी थांबली. मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकली तर त्याच आठवड्यात मला सांगा. लोकांना वाटतं, पोट दिसायला लागलं की काळजी घ्यायची. पण बाळाचा कणा, मेंदू, काळीज, हे सगळं पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. फोलिक ॲसिडची गोळी तेव्हाच लागते. मिश्री बंद करायची. फवारणीच्या आसपास फिरकायचं नाही. दुकानातली दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही. आणि एक डाग जरी दिसला, तरी झाकायचं नाही."

हर्षदा आतल्या खोलीत उभी होती. तिच्या बोटाला मिश्री लागलेली होती. ती बाहेर आली नाही. अनिता उठली, आणि त्या गोळ्या पिशवीतून तशाच टेकडी उतरून गेल्या.

यानंतरचे पाच आठवडे मी एकेक मोजले आहेत. फेब्रुवारीच्या फुलांसाठी पॉलिहाऊसवर घाई चालू होती. फवारणीनंतर पाने सुकेपर्यंत आत कोणी जाऊ नये हा नियम बाजीरावांना ठाऊक होता. परंतु माल वेळेवर निघणार नाही म्हणून त्यांनी बायांना ओल्या वाफ्यांत कळ्या खुडायला पाठवले. त्यांच्यात हर्षदाही होती. सकाळी मळमळे म्हणून ती उपाशीच येई. एकदा मला उचलताना ती मध्येच थांबली आणि तिने कमरेला हात लावला. शेजारच्या वाफ्यातील नंदाबाई जिभेने तिखट, पण मनाने तशी नव्हती. ती हसून म्हणाली, "काय गं हर्षदे, नवऱ्याचा पंप जड व्हाया लागला व्हय? का राणीसायबांचं दिस आलं?"

बाया हसल्या. या थट्टेत खरे उत्तर देण्यास जागा होती. हर्षदाने त्या जागेकडे पाहिले असेल असे मला वाटते. पण तिने एका झटक्यात मला उचलून दत्ताच्या पाठीवर चढवले. माझ्या झाकणातून पाणी तिच्या कुशीवर ओघळले. त्या क्षणी मला वाचा असती, तर मी ती व्यर्थ घालवली नसती.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी, तिला पहिला डाग दिसला. तिने तो सासूला दाखवला. भागूबाई घाबरली, पण ती म्हणाली की कधीकधी असे होते, पडून राहिले की थांबते. दवाखान्यात नेले तर साऱ्या वाडीला कळेल, या भयापुढे तिला दुसरे भय दिसेना. शुक्रवारी ओटीपोटात कळा आल्या. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी तिने हर्षदाला दिली. दत्ताला सांगितले की सुनेला पित्त झाले आहे.

शनिवारी सकाळी हर्षदा अंथरुणावरून उठली आणि चुलीजवळच कोसळली. तिच्याखालची जमीन ओली झाली. दत्ताने ते पाहिले, आणि आपल्याला मूल होणार होते हे त्याला त्याच घटकेला, त्या रीतीने कळले.

तिला चादरीत घालून टेकडीखाली आणले. बाजीरावांनी जीप काढली. परंतु तो शनिवार होता. पवनेच्या काठी तंबूंत राहायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या अरुंद रस्त्यावर एकीमागे एक उभ्या होत्या. बाजीराव खाली उतरून हात जोडत पुढे पळत होते आणि दत्ता मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळले. तो कोणाशी फारसा बोलत नसे, पण मला धुताना पुटपुटत असे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दीड तास गेला. गर्भ गेलाच होता. हर्षदाला तीन पिशव्या रक्त चढवावे लागले, आणि ती वाचेल की नाही हे सायंकाळपर्यंत कोणी सांगू शकले नाही.

ती वाचली.

दत्ताने डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला होता, की कशाने झाले. त्या म्हणाल्या, "ठामपणे नाही सांगता येणार. पुष्कळदा गर्भातच दोष असतो, कुणाचीच चूक नसते. फवारणीचा, मिश्रीचा धोका असतो, पण याच वेळी तेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र नक्की, की गुरुवारी आला असता तर हिचा जीव इतका टांगणीला लागला नसता."

मित्रांनो, हे उत्तर मला सर्वांत कठोर वाटते. दोष निश्चित झाला असता, तर शिक्षाही निश्चित झाली असती. ते बाळ माझ्यामुळे गेले की माझ्यावाचूनही जाणार होते, हे मला कधीही कळणार नाही. एवढेच कळते, की त्या पाच आठवड्यांत मी त्याच्या फार जवळ होतो.

हर्षदा घरी आली त्या दिवशी भागूबाईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. ती रडत होती आणि एकेकीचे नाव घेत होती. नंदाबाई हसली होती, तिचीच दृष्ट लागली असणार, ती तशीच आहे. हर्षदा भिंतीला टेकून ऐकत राहिली. तिच्या ओठांना रंग नव्हता. मग ती शांतपणे म्हणाली, "दिष्ट कुनाची लागंल, आत्या? कुनाला ठावंच नव्हतं."

भागूबाईचा हात हवेतच थांबला. मूठ उघडली आणि मोहऱ्या जमिनीवर सांडल्या. त्या घरात त्यानंतर दृष्टीसाठी कोणाचेच नाव कोणी घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ताने मला खुंटीवरून काढले आणि पॉलिहाऊसवर नेऊन ठेवले. पुन्हा त्याने मला घरी नेले नाही. त्या पावसाळ्यात माझा दांडा मोडला. नवा, बॅटरीवर चालणारा पंप आला, आणि मी शेडच्या मागे, रिकाम्या डब्यांच्या ढिगावर पडलो. उन्हाने माझा निळा रंग पांढरट झाला आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. जे विष वाहते त्याला निवृत्ती मिळाली, तर ती उपेक्षा म्हणू नये.

येथून शेडचे दार दिसते. गेल्या सोमवारी हजेरीच्या वेळी सर्व बाया तेथे उभ्या होत्या, सुनेसोबत आलेली भागूबाईही होती. हर्षदा रांगेतून पुढे आली आणि बाजीरावांसमोर उभी राहिली.

"भाऊ, माजी पाळी चुकून सा दिस झाल्यात. काल अनिताताईकडनं गोळ्या घेतल्या. आता मी फवारलेल्या शेडात येनार न्हाई, आन् कळशी बी उचलनार न्हाई. दुसरं काय काम आसंल तर द्या."

बाजीराव हातातल्या हजेरीच्या वहीकडे पाहत राहिले. असली गोष्ट पुरुषासमोर, तीही सहाव्या दिवशी, भर हजेरीत कोणी बोलल्याचे त्यांनी ऐकले नसावे. बाया हळूच भागूबाईकडे पाहू लागल्या. आता ही सुनेला दंडाला धरून मागे ओढील, असे सर्वांना वाटले, मलाही वाटले.

भागूबाईने पदर डोक्यावर घट्ट घेतला आणि बायांकडे वळली. "आईकलं ना समद्यांनी? मग आता ध्यान बी समद्यांनीच ठिवा."

नंदाबाई सर्वांत आधी हलली. ती हौदाजवळ गेली आणि हर्षदाची कळशी तिने आपल्या कडेवर घेतली. बाजीरावांनी खाकरून सांगितले की पुढच्या खोलीत खोकी जुळवायची आहेत, बसून करण्याचे काम आहे. आणि पाने सुकेपर्यंत आज कोणीच आत जाऊ नये, हेही ते म्हणाले, जणू ते त्यांना आत्ताच आठवले होते.

हे मूल पूर्ण दिवसांचे होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे, तेव्हा मला ते कळणारही नाही. म्हणून जाण्यापूर्वी एवढे मागणे मागतो. मित्रांनो, तुमच्या घरी आईला, वहिनीला किंवा मावशीला दिवस गेले, तर पहिल्या आठवड्यापासून तिच्या हातचे ओझे घ्या. माझ्यासारख्याला घरात जागा देऊ नका. फवारणीचे कपडे तिला धुवायला लावू नका. तिला काही दुखले-खुपले तर ते लपवावे लागू नये, असे घर तिला द्या. आणि इतके करूनही ते मूल राहिले नाही, तर तिला दोष देऊ नका. त्या दिवशी तिला तुमची सर्वाधिक गरज असते.

जे बाळ आले नाही, त्याला शांती लाभो. ज्या आईने दोनदा गमावले, तिची कूस या वेळी सुखरूप राहो. जिने भयापोटी मौन पाळायला लावले, त्या वृद्धेच्या मनालाही स्वस्थता मिळो. आणि टेकडीवरच्या त्या घराचे सर्वतोपरी कल्याण होवो.