आपल्या मर्जीने उतरणारं कपाट

समाजशास्त्राच्या बाई सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडून घेऊन थेट कॉलेजात आल्या, तर जिन्याच्या वळणावर एक लोखंडी कपाट आडवंतिडवं अडकलेलं. कठड्यात हँडल रुतलेलं, दोन हमाल घामाघूम.

"कुणाचं बाई हे धूड?" सासूबाई गालात कापूस धरून म्हणाल्या.

बाईंनी कपाटाच्या दारावरचा ओळखीचा पोचा पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाट त्यांचंच होतं.

माणसं घरदार सोडून का जातात, यावर बाईंनी उभी हयात घातली होती. धरणात घर बुडालेले, कारखान्याला टाळं लागल्यावर निघालेले, अशा लोकांच्या मुलाखती या कपाटात ठासून भरलेल्या. बाईंचं म्हणणं साधं होतं: कोणी हलला की आधी विचारा, हलवलं कोणी?

विभागप्रमुखांचा सिद्धांत मात्र गाजलेला. 'जिथे हालचाल, तिथे मर्जी.' माणूस बरंवाईट बघतो, ठरवतो, निघतो. कोणी कोणाला हलवत नाही. ज्यांना ज्यांना वस्त्या उठवायच्या असत, ते प्रमुखांना हौसेने भाषणाला बोलवत.

"अहो दादा, कुणी सांगितलं हे खाली न्यायला?"

"मोठे सर म्हणाले, बाई तळघरात जातायत."

"मी? तळघरात? मला कळवलं का कुणी?"

कपाटामागून, वरच्या पायरीवरून प्रमुखांचा गोड आवाज आला. "आलात का? बरं झालं. तळघरात किती शांतता आहे! मी म्हटलंच, बाईंना आवडेल."

"माझ्या खोलीत कोण येतंय?"

वरून एक तरुण आवाज ओरडला, "मामा, सोफा खिडकीखाली ठेवू ना?"

सासूबाई म्हणाल्या, "भाचा वाटतं. गुणाचा दिसतो."

ती खोली बाईंनी गळक्या छपरासकट स्वीकारली होती. भिंतीला चुना लावला तो स्वतःच्या हाताने. वस्तीतल्या बाया एवढा जिना चढून तिथे येऊन बसत, रडत, हसत, चहा पीत. तळघरात त्यांना कोण पाठवणार? तिथे दिवसाही उंदीर फिरतात.

तेवढ्यात खालच्या सभागृहातून कार्यक्रमाचे पाहुणे बाहेर आले. प्रमुखांचं भाषण सुरू व्हायचं होतं, आणि प्रमुख वर. जिना एकच. कपाट मधे.

"अहो सर, या ना खाली!" पाहुणे म्हणाले.

"येतो, येतो!" प्रमुखांनी कपाटावरून एक पाय टाकून पाहिला. विजार कुठेतरी टरकली. पाय परत गेला.

"रिकामं केल्याशिवाय हे इकडे नाही की तिकडे नाही," हमाल म्हणाला. "किल्ली कुणाकडे?"

किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती. बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली.

"बाई, उघडा ना. लोक खोळंबलेत!"

"सर, जिथे हालचाल, तिथे मर्जी. तुमची मर्जी नसेल यायची."

"चेष्टा पुरे! मला अडकवून ठेवलंय इथे!"

"कुणी?" बाईंचा आवाज चढला. "नाव घ्या ना! तुमच्या सिद्धांतात तर कुणी कुणाला अडकवत नाही, कुणी कुणाला उठवत नाही! गावंच्या गावं आपखुशीने पाण्यात गेली ना?"

सासूबाईंनी गालातला कापूस काढून पाहुण्यांपुढे धरला. "मग माझी दाढही हौसेनेच निघाली म्हणायची. डॉक्टर नुसता बघत होता."

पाहुणे दोन पावलं मागे सरले.

"काय हवंय तुम्हाला?" प्रमुख कपाटामागून केविलवाणे म्हणाले.

"कपाट वर. माझ्या खोलीत. आणि हे सगळ्यांदेखत सांगा."

वर कुजबुज झाली. भाच्याचं "पण मामा" ऐकू आलं. मग पडेल आवाजात हुकूम सुटला. बाईंनी कुलूप काढलं, गठ्ठे पायऱ्यांवर उतरले, हँडल सुटलं आणि कपाट धडधडत वर गेलं. बाईंनी एकेक गठ्ठा स्वतः वाहिला. कुणाला हात लावू दिला नाही.

प्रमुख मात्र पक्के. फाटकी विजार फायलीने झाकून ते सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, "आजच आमच्या एका सहकारी भगिनीने परतीच्या स्थलांतराचं सुंदर उदाहरण घालून दिलं. जुन्या जागेची ओढ! केवळ मर्जी!"

दारात उभ्या बाई ताडकन ओरडल्या, "खोटं! तुम्ही हलवलंत आणि मी हलले नाही! एवढं लिहून घ्या!"

टाळ्या की कुजबुज, काहीतरी झालं. ते विरायच्या आत भाचा धापा टाकत आला.

"मामा, त्यांनी खोलीला कुलूप लावलं. माझा सोफा बाहेर पडलाय. कुठे नेऊ?"

"नेतोस कशाला, बाळा?" सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या. "त्याची मर्जी झाली की उतरेल आपला आपण."