एकोणतीस पूर्णांक चारची रेघ

मी बोलतोय, पण तुम्ही ऐकून घ्याल याची मला खात्री नाही. आजवर मी जे सांगितलं त्यातलं नको तेवढं लोकांनी माउसच्या एका टिचकीनं पुसून टाकलेलं आहे.

मी परभणीतल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातलं क्ष-किरणांचं यंत्र. हात मोडल्यावर ज्याच्यापुढं उभं करतात, ते नव्हे. मला विद्यार्थी एक्सआरडी म्हणतात. चिमूटभर भुकटी काचेच्या पट्टीतल्या खळग्यात दाबून बसवायची, पट्टी माझ्या पोटात ठेवायची, दार लावायचं. मी तिच्यावर किरण सोडतो. आतले अणू ज्या शिस्तीत रांगा धरून बसलेले असतील, त्याप्रमाणे किरण विखुरतात आणि ठरावीक कोनांवर एकमेकांना मिळून उसळतात. पडद्यावरच्या आलेखात त्या त्या कोनावर एक उभी रेघ चढते. प्रत्येक पदार्थाच्या रेघा वेगळ्या, जसे अंगठ्याचे ठसे. मला काही लपवता येत नाही. या गुणासाठीच मला आणलं, आणि तोच पुढं कुणाला सोसला नाही.

मला मिळवायला विभागप्रमुख मल्लेश सरांनी चार वर्षं हेलपाटे घातले. दहा वर्षांपूर्वी मी आलो, त्या दिवशी ते आपल्या आईला, गंगम्माला घेऊन आले. म्हातारीनं माझ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ह्यात काय दिसतं रे? दगडाच्या आतलं दिसतं, माय, सर म्हणाले. मग माणसाच्या आतलं? ते नाही दिसत. त्यावर ती हसली. मग एवढं मोठं कशाला आणलंस, म्हणाली.

पण जाताना तिनं कनवटीची भस्माची पुडी काढली. माझ्या दारावर तीन बोटं ओढली आणि उरलेली पुडी लेकाच्या हातात दिली. ह्याच्या पोटात ठेव, नजर लागायची न्हाई. सरांनी ती दोऱ्यानं माझ्या आतल्या आडव्या पट्टीला बांधली, नमुना ठेवतात त्या जागेच्या बरोबर वर. पुढच्याच वर्षी गंगम्मा गेली. त्यानंतर पुडीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. दुरुस्तीवाला इंजिनिअर यायचा, काढू का विचारायचा, आणि सर म्हणायचे, राहू द्या.

पुडी होती वर्तमानपत्राच्या कागदाची. घड्या विरल्या. कुणी दार आपटलं की जरासं भस्म खाली झरायचं, काळ्या भुकटीवर दिसेल न दिसेल इतकंच. गंगम्माचं भस्म चुनखडीच्या जातीचं. ते मला ओळखू आलं आणि मी ते सांगितलं: एकोणतीस पूर्णांक चार अंशांवर एक रेघ.

ती पहिल्यांदा सरांच्या संशोधक विद्यार्थिनीनं, त्रिवेणीनं पाहिली. क्षणभर दचकली, मग तिनं तेवढा भाग खरवडून आलेख सपाट केला. दोन मिनिटांचं काम. तिचा प्रबंध मंजूर झाला, आता ती इथंच शिकवते. तिच्यामागून चौघांनी तेच केलं. पदवी मिळाली की पेढ्यांचा बॉक्स माझ्याच डोक्यावर ठेवून वाटायचे. वा रे विज्ञान.

मग प्रबंधासाठी पालमची संघप्रिया आली. इतकी घाबरट पोरगी मी पाहिली नव्हती. पाण्याचा पंप सुरू झाला तरी दचकायची. माझं दार दोन्ही हातांनी लावायची, झोळीतलं लेकरू जागं होऊ नये तसं. पण तोवर पुडीचा तळच विरला होता. हळू लावून काय होणार?

ती कोबाल्ट फेराइट या चुंबकी पदार्थाची भुकटी बनवायची. पहिल्याच आलेखात तिला रेघ दिसली, आणि बाकीच्यांसारखी ती माझ्यावर नाही, स्वतःवर उलटली. आपलंच काहीतरी चुकलं. भांडी आम्लानं धुतली, रसायनं नवी आणली, भट्टी साफ केली, पुन्हा भुकटी केली. पुन्हा रेघ. असं आठ महिन्यांत पाच वेळा. सर आलेख बघून म्हणाले, "तुझ्या हाताला स्वच्छता नाही."

हे वाक्य तिनं खरं मानलं. त्यानंतर ती नमुना भरण्याआधी इतक्यांदा हात धुवायला लागली, की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी बघत होतो. मी तरी काय करणार? मला एकच भाषा येते, आणि त्या भाषेत मी पुन्हा पुन्हा तेच सांगत होतो.

एकदा त्रिवेणी तिच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"अगं येडे, पुसून टाक की. कितीदा भाजायलीस ती भुकटी?"

"पण ताई, रेघ हाय तर खरी."

"हाय. पण तुझी न्हाई ना? मग झालं."

संघप्रियानं तोच आलेख पुन्हा उघडला. माझी नाही, तर कुणाची? दुसऱ्या दिवशी तिनं खळग्यात काहीच न भरता नुसती काच आत ठेवली. रिकाम्या काचेलाही रेघ आली. तेव्हा तिनं मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या पोटात मान घातली, आणि तिला पुडी दिसली. खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, तर बोट पांढरं झालं.

कुणीही असतं तर त्याच क्षणी दोरा तोडला असता. ही विचारायला गेली.

सर आले. त्यांनी पुडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "ही माझ्या मायनं ठेवलेली पुडी आहे. नऊ वर्षांत कुणाच्या डोळ्यात सलली नाही. तुझ्याच का सलायलीय?"

तिनं पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "सर, माझ्या डोळ्यात नाही. आलेखात दिसायलीय."

दारात त्रिवेणी उभी होती. ती आपल्या चपलांकडं बघायला लागली. सरांना तेव्हाच सगळं कळलं, मी त्यांचा चेहरा पाहिलाय. पुडीचं खरं मानलं तर पाच प्रबंध उघडे पडत होते, आणि पाचांवरही त्यांची सही होती. त्यांनी पुडी सोडली, कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि निघून गेले.

संघप्रियानं मला पुसून काढलं आणि पाचव्या खेपेची भुकटी आत ठेवली. महिनाअखेरीला तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. एक स्वच्छ आलेख, एवढंच तिला हवं होतं. मीही जिवाच्या आकांतानं चालत होतो. वीस अंश, पंचवीस, अठ्ठावीस. तेवढ्यात लाइट गेली, आली, पुन्हा गेली. किरण सोडणाऱ्या माझ्या ट्यूबचं आयुष्य मोजक्या तासांचं असतं, आणि तिच्या पाच खेपांनी ते तळाशी आलेलं होतं. आतली तार तुटली. आलेख अठ्ठावीसवर थांबला.

नव्या ट्यूबला अनुदान नाही. नमुना दुसऱ्या विद्यापीठात तपासून आणते म्हणाली, तर त्या पत्रावर सरांची सही लागते. बाहेरचा स्वच्छ आलेख तिच्या इथल्या रेघवाल्या आलेखांशेजारी ठेवायला ते धजावले नाहीत. आहे तोच आलेख नीट कर, प्रबंधावर सही लगेच करतो, म्हणाले.

ती माझ्या पडद्यापुढं बसली. जुना आलेख उघडला. बाण रेघेवर नेला. बोट माउसवर होतं, पेराची चीर अजून भरली नव्हती. मग तिनं हात काढून घेतला आणि आलेखाखाली लिहिलं, ही रेघ नमुन्याची नाही, यंत्रात ठेवलेल्या भस्माची आहे.

सही झाली नाही. मुदत संपली. आता ती पालमला एका क्लासमध्ये नववीला विज्ञान शिकवते, असं त्रिवेणी फोनवर कुणाला तरी सांगत होती. पोरगी हुशार होती, पण अडेल, असंही म्हणाली.

माझ्यावर आता रेक्झिनचं आवरण आहे आणि आवरणावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दसऱ्याला मात्र झेंडूचं फूल चुकत नाही. गेल्या महिन्यात दुपारी सर एकटेच आले. गठ्ठे उतरवले, दार उघडलं आणि ती पुडी पुन्हा त्याच जागी बांधली. यावेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड मेणबत्तीनं चिकटवून. म्हणजे संघप्रियाचं म्हणणं त्यांना पटलं होतं. ते तिला सांगायचं तेवढं राहिलं.

तिची पट्टी अजून खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, चिठ्ठीवर तिच्या अक्षरात नाव आहे. कधी नवी ट्यूब आलीच, तर आधी ती आत ठेवा. दार हळू लावा. अठ्ठावीसपर्यंत मी पोचलो होतो. पुढचा दीड अंश तेवढा राहिलाय.