राजहंसाचा स्वभाव

मास्तर शिकवायला म्हणून कधी शाळेची पायरी चढले नव्हते. ते एका साप्ताहिकात गाड्यांना गुण द्यायचे, दहापैकी, गेली बावीस वर्षं. त्यावरून लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं. त्यांच्या शब्दाला वजन किती, तर एकदा त्यांनी एका गाडीला साडेचार गुण दिले आणि तीच गाडी दारात उभी असलेल्या एका नवरदेवाला मुलीकडच्यांनी निरोप धाडला, की आधी गाडी बदला, मग तारीख ठरवू. शपथेवर हे कोणी सांगणार नाही, पण तो नवरदेव अजून बिनलग्नाचा आहे आणि बसने फिरतो.

जगातल्या सगळ्या गाड्या एकीकडे आणि मास्तरांच्या मनातल्या दोन गाड्या एकीकडे. पहिली राजहंस. तिचं नाव निघालं की मास्तर खुर्चीत जरा ताठ बसायचे. दुसरीचं कंपनीने ठेवलेलं मूळ नाव आता कोणालाच आठवत नाही, कारण मास्तरांनी पहिल्याच परीक्षणात हॉर्नच्या आवाजावरून तिला टिटवी म्हटलं आणि ती कायमची टिटवी झाली. खुद्द कंपनीच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक विचारायचं, "टिटवी इथंच मिळते ना?" आणि विकणारा बिचारा मुकाट मान हलवायचा.

आता नशिबाचा खोडसाळपणा बघा. मास्तरांच्या पोटच्या लेकीने घेतली ती टिटवीच.

लेक आपल्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन पंधरा दिवस माहेरी राहिली होती आणि त्या दिवशी सकाळी घाटापलीकडे आपल्या घरी परत निघाली. मास्तरांनी तिच्या पर्समधून टिटवीची किल्ली काढली आणि तिच्या हातात स्वतःच्या राजहंसची ठेवली.

"बाबा, माझी गाडी मला कळते," लेक म्हणाली.

"तुला ती कळते असं तुला वाटतं, म्हणूनच मला झोप लागत नाही. घाट आहे, बरोबर पोर आहे. राजहंस ने. ही टिटवी मी मिस्त्रीकडे टाकतो, काय काय मोडायच्या बेतात आहे ते बघतो."

"तीन वर्षांत काही मोडलं नाही हो तिचं."

"मोडलं नाही ना? म्हणजे सगळं मोडायचं शिल्लक आहे."

या हिशेबापुढे लेकीने हात टेकले. बाळाची खुर्ची राजहंसच्या मागच्या सीटवर बांधली आणि नऊ वाजता ती निघाली. मास्तर फाटकाशी उभे राहिले आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत समाधानाने बघत राहिले. बावीस वर्षांत इतक्या निश्चिंत मनाने त्यांनी कोणाला निरोप दिला नव्हता.

दहाच्या सुमाराला ते मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. टिटवी मिस्त्रीचा पोऱ्या घरून घेऊन आला होता, मास्तर मागून पायी आले होते. मिस्त्री टिटवीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे धुऊन घ्या. मडगार्डला चिखल आहे."

"अरे, नीट बघ. ब्रेक बघितलेस? याच गाडीचं पेडल खाली बसायचं, मी लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत, म्हणून तर चांगले आहेत." मिस्त्री टेबलाकडे गेला आणि मुठीएवढा एक लोखंडी तुकडा उचलून मास्तरांच्या पुढे धरला. "हा ओळखता का? पेडलामागचा सिलिंडर. पायाचा जोर चाकापर्यंत नेतो तो हा. आतलं रबर बघा, फुगून वड्यासारखं झालंय."

"टिटवीचा ना?"

"राजहंसचा. या महिन्यातला चौथा. तुम्हाला फोन करणार होतो, पण म्हटलं, मास्तरांना राजहंसबद्दल काही सांगणं म्हणजे जावयाची तक्रार सासूकडे."

मास्तर हसले नाहीत. मिस्त्रीने टेबलाच्या खणातून दोन जुने अंक काढले. मास्तरांची परीक्षणं तो जपून ठेवायचा. गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकायला ती फार उपयोगी पडायची. त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. टिटवी: "ब्रेकचं पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली बसतं. हा गंभीर दोष आहे. कुटुंब घेऊन या गाडीत बसू नये." मग दुसरा अंक, दोन महिन्यांनंतरचा. राजहंस: "पेडल मऊ आहे. क्वचित दुसऱ्यांदा दाबावं लागतं. खानदानी गाडीचा हा शांत स्वभाव घाईच्या पायाला कळायचा नाही."

"दोन्ही तुमचंच," मिस्त्री म्हणाला. "आणि सिलिंडर दोन्हीकडे एकाच कारखान्यातला. हा शिक्का बघा. तुम्ही लिहिल्यावर टिटवीवाल्यांचं धाबं दणाणलं. घरोघर पत्रं धाडली, गाड्या बोलावल्या, सिलिंडर बदलून दिले. राजहंसवाल्यांना तुम्ही सांगितलंत की हा स्वभाव आहे. मग ते कशाला काय बदलतील?"

मास्तरांना ते पत्र आठवलं. लेकीने दाखवलं होतं. ते वाचून पुढच्याच अंकात त्यांनी टिटवीचा आणखी अर्धा गुण कापला होता. ज्या कंपनीला स्वतःच्या गाडीचा भरवसा नाही, तिचा आपण काय धरावा, असं लिहिलं होतं. वाचकांना ते वाक्य फार आवडलं होतं.

"सपाटीवर काही होत नाही," मिस्त्री सांगत होता. "गावात दोनदा दाबलं की थांबते. पण लांब उतारावर ब्रेक तापले, की मग पेडल गेलं ते गेलंच. तुमची राजहंस पण आणून टाका एकदा. कुठं आहे ती?"

मास्तर स्टुलावरून उठले. त्यांनी खिशातून फोन काढला, तो हातातून सुटून तेलात पडला, पुसून कानाला लावला. रिंग वाजत राहिली. लेक फोन उचलणार नव्हती. गाडी चालवताना आभाळ कोसळलं तरी फोन उचलायचा नाही, हे त्यांनीच तिला अठराव्या वर्षी घोटून घोटून शिकवलं होतं, आणि आज्ञा पाळायला तिला नेमकी हीच एक सापडली होती.

मिस्त्रीने तोंडाकडे बघूनच ओळखलं. "घाटात?"

"बाळ पण आहे."

"घाटमाथ्यावर थांबेल बाळाला खायला द्यायला. तिथवर चढच आहे, ब्रेक लागत नाही. अकराला पोचेल, अर्धा तास थांबेल." किल्ली त्याने मास्तरांच्या हातात कोंबली. "निघा. हिच्या ब्रेकची काळजी करू नका."

मास्तर टिटवीत बसले. तीन वर्षांत एकदाही ते या सीटवर बसले नव्हते. सीट पायांसाठी फार पुढे होती, ती मागे घेण्याचंही त्यांना सुचलं नाही, म्हणून ते गुडघे स्टिअरिंगला टेकवून निघाले. गावाबाहेर पडेपर्यंत तीन सिग्नल लागले. तिन्ही त्यांच्याचसाठी लाल होते. प्रत्येक सिग्नलला त्यांनी फोन लावला.

मग मोकळा रस्ता लागला आणि मास्तरांनी आयुष्यात कोणत्याही परीक्षणात पळवली नव्हती तशी गाडी पळवली. पुढच्या ट्रकवाल्याने नंतर ढाब्यावर सांगितलं म्हणे, की ती टिटवी शेजारून गेली तेव्हा तिची चाकं रस्त्याला लागलेली नव्हती. टिटवी काही बोलली नाही. मधेच कुठंतरी खडखड झाली तेव्हा मास्तरांचा सवयीचा कान लगेच टवकारला, हात वहीकडे गेला. सीटखाली नातीचा खुळखुळा होता. वळणागणिक त्यांच्या डोळ्यापुढे राजहंसचं ते पेडल यायचं. रोज सकाळी ते आपल्याच पायाने दोनदा दाबायचे आणि मनात म्हणायचे, वा. खानदानी.

घाटमाथ्यावर उपाहारगृहासमोर राजहंस नव्हती. मास्तरांनी न थांबता टिटवी उतारावर घातली. पहिलं वळण रिकामं होतं. दुसऱ्या वळणावर कठड्याच्या अलीकडे रस्तेवाल्यांनी टाकलेला खडीचा ढीग होता, आणि त्या ढिगात दिव्यांपर्यंत तोंड खुपसून त्यांची राजहंस उभी होती.

दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

तिथपासून कठड्यापर्यंतची बारा पावलं मास्तर कशी चालले हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. कठड्याच्या सावलीत लेक मांडी घालून बसली होती आणि मांडीवर नात केळं खात होती. केळ्यातलं निम्मं तिच्या केसांना लागलं होतं.

"आलात?" लेक म्हणाली. "बाळ झोपलं होतं, म्हणून माथ्यावर थांबले नाही. इथून तुम्हाला फोन लावत होते. लागतच नव्हता."

"मी तुलाच लावत होतो."

"पेडल एकदम खालीच गेलं, बाबा. हँडब्रेक ओढला आणि ढिगात घातली." ती थांबली. "पहिल्यांदा सकाळीच कळलं होतं मला. गावातच. पण मग मला तुमचा लेख आठवला. म्हटलं, राजहंसचा स्वभाव असेल. म्हटलं, टिटवी चालवून चालवून माझाच पाय आडदांड झालाय."

मास्तर खाली बसले. केळ्याचा एक घास नातीने उदारपणे त्यांच्या शर्टाला लावला.

तेवढ्यात वरून एक गाडी येऊन थांबली. पांढरीशुभ्र राजहंस. काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ काच खाली करून टिटवीकडे बघत म्हणाले, "दगा दिला ना हिनं? घेताना विचारायचं कोणाला तरी."

"ही ठीक आहे," मास्तर म्हणाले. "ढिगातली राजहंस आमची आहे. ब्रेक गेले."

गृहस्थांनी खडीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "बाई चालवत होत्या का?"

"ब्रेक गेले," लेक म्हणाली.

"राजहंसचे ब्रेक जात नाहीत हो ताई. जरा हलक्या पायानं वापरावे लागतात. साप्ताहिकात ते मास्तर लिहितात, वाचत जा. पेडलचा स्वभाव शांत आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय." आणि त्यांनी गिअर टाकला.

मास्तर धावले आणि गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "खाली जाऊ नका. ते मीच लिहिलं. चुकीचं लिहिलं."

गृहस्थांनी चष्मा काढून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेलाचा हात, केळ्याचा शर्ट. "तुम्ही ते मास्तर?"

"हो."

"आणि टिटवीतून आलात?"

मास्तरांनी टिटवीकडे पाहिलं. बावीस वर्षं लोकांना त्यांनी हेच शिकवलं होतं, की माणूस कशातून उतरतो ते आधी बघा.

"बाजूला व्हा काका, मला उशीर होतोय."

लेक उठली, नातीला काखेत घेऊन गाडीच्या खिडकीशी गेली. "जा ना, कोण अडवतंय. फक्त एक करा. इंजिन चालू राहू दे, ब्रेकवर पाय ठेवा आणि दाबून धरा. मी साठ मोजते. पेडल जागचं हललं नाही तर बाबा बाजूला होतील."

"हा काय खेळ लावलाय," गृहस्थ म्हणाले, पण पाय ठेवला. लेकीने मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत ते आरशात भांग बघत होते. तिसाला त्यांनी खाली पाहिलं. चाळिसाला ते सीटवर किंचित पुढे सरकले, मग आणखी पुढे, कारण पाय खाली खाली चालला होता. पंचेचाळिसाला पेडल जमिनीला टेकलं. त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा दाबलं.

"दुसऱ्यांदा दाबलं की येतंय की," ते म्हणाले, पण हळू. त्यांच्यापुढे उतार होता आणि उताराच्या टोकाला पुढचं वळण दिसत होतं. त्यांनी हँडब्रेक ओढला, तो किती वर आला ते बघितलं आणि आणखी एक खाच ओढला. मग इंजिन बंद करून ते खाली उतरले.

शेवटी नातीची खुर्ची टिटवीत हलवली आणि चौघं तिच्यातून घाट उतरायला लागले. लेक चालवत होती, मास्तर शेजारी, मागे नातीच्या खुर्चीला चिकटून ते गृहस्थ. ते दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसले होते आणि दर वळणाला विचारत होते, "ही जाईल ना नीट?" मास्तरही प्रत्येक वळणाला रिकाम्या जमिनीवर पाय दाबत होते. टिटवीचं पेडल जिथल्या तिथं थांबत होतं.

मास्तरांनी संपादकांना फोन लावला. "नवव्या पानावर जागा करा. मजकूर लगेच सांगतो."

"अहो, तासाभरात पान छपाईला जाणार."

"म्हणूनच म्हणतो. घ्या लिहून. राजहंस गाडीच्या ब्रेकचं पेडल किंचित—"

"किंचित काढा," लेक रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"राजहंसचं पेडल काही वेळा खाली—"

"काही वेळा पण काढा, बाबा. माझ्या गाडीबद्दल लिहिलं होतंत तेच लिहा. शब्द न् शब्द."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ही वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. तरी त्या वाक्यांच्या आधी राजहंसचं नाव जोडताना जीभ अडखळत होती. "राजहंस. ब्रेकचं पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली बसतं. हा गंभीर दोष आहे. कुटुंब घेऊन या गाडीत बसू नये. तपासून घेईपर्यंत घाटात नेऊ नये. दोन वर्षांपूर्वी मी याला स्वभाव म्हटलं होतं, ते चूक होतं."

पलीकडे मजकूर उतरवून झाला. मग संपादक म्हणाले, "शेवटचं कळलं नाही, पण बाकी झालं. नाव मी दुरुस्त करून टिटवी केलंय बरं का. तुमच्या तोंडून चुकून राजहंस गेलं."

"चुकून नाही. राजहंसच." मास्तर ओरडले. "तसंच ठेवा. वाचून दाखवा मला."

संपादक वाचायला लागले. समोरच्या वळणावरून एक राजहंस घाट चढत वर आली, टपावर सामान बांधलेलं, मागच्या काचेला दोन लहान तोंडं. तिच्यामागे थोड्या अंतराने आणखी एक होती. मास्तर काच खाली करून, फोन गुडघ्यावर टाकून, अर्धे बाहेर वाकले आणि जीव तोडून हात हलवायला लागले. पहिल्या गाडीतल्या माणसाने टिटवीकडे एक नजर टाकली आणि काच वर केली.

"वळव," मास्तर लेकीला म्हणाले. "पलीकडचा उतार लागायच्या आत त्यांना माथ्यावर गाठू."

लेकीने आरशात मागे पाहिलं, इंडिकेटर दिला आणि रस्ता रुंद होता तिथं टिटवी फिरवायला घेतली.